ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएसचे बिघाड (गेमिंग पीसी)

गेम ऐन रंगात आला की पीसी खटकन बंद, किंवा स्क्रीन काळी आणि फॅन जोरात, किंवा सगळीकडे रंगीत ठिपके, या तिन्ही तक्रारींवर पुण्यात एकच निदान ठरलेलं असतं, '(ग्राफिक्स) कार्ड गेलं'. कार्ड सगळ्यात महाग म्हणून पहिला संशय त्याच्यावर. खरं तर शोध भिंतीतल्या प्लगपासून सुरू करावा आणि कार्डापर्यंत शेवटी यावं, कारण वाटेतल्या बऱ्याच गोष्टी फुकटात तपासून होतात.

एसएमपीएस म्हणजे पीसीतला पॉवर सप्लायचा डबा, त्याचं काम घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करणं. कार्ड जवळपास सगळं १२ व्होल्टवर जगतं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून त्याला ७५ वॅटपर्यंत मिळतात, ६ पिनच्या केबलमधून अजून ७५, ८ पिनच्या केबलमधून १५०. पण मोठी कार्डं क्षणभरासाठी (म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग वगैरे) कार्डाच्या खोक्यावर लिहिलंय त्याच्या कितीतरी जास्त वॅट ओढतात, आणि एसएमपीएस लेचापेचा असेल तर तो ओव्हरलोड समजून स्वतःला बंद करून घेतो. अशा वेळी पीसी पूर्ण मरतो, कधीकधी मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठतच नाही. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कोसळला तर चित्र वेगळं, स्क्रीन दोन-चार सेकंद काळी होते, आवाज चालू राहतो आणि बरेचदा गेम बंद होऊन डेस्कटॉप परत येतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदी तिथे असतात) ४१ नंबरची नोंद दिसली की लोक घाबरतात, पण पीसी नीट शटडाऊन न होता बंद पडला एवढंच ती सांगते, का ते नाही. ४१०१ असेल तर ड्रायव्हरकडे बघा, जुना पूर्ण काढून नवीन टाका.

आता पुण्याचं. भाड्याच्या जुन्या फ्लॅटमध्ये, पेठांमधल्या वाड्यात तर विचारूच नका, सॉकेटला तीन भोकं असतात पण अर्थिंगची वायर आत जोडलेलीच नसते, आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. चप्पल घालून गेम खेळणं हा त्यावरचा उपाय नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा. दुसरी भानगड यूपीएसची. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा, तो जेमतेम ३६० वॅटचा, त्यावर साधा पीसी चालतो, गेमिंगचा लोड आला की कोकलायला लागतो. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की त्याची वेव्ह चौकोनी असते, काही चांगल्या एसएमपीएसना ती चालत नाही, मग गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की यूपीएस असूनही पीसी बंद.

माझंच सांगतो. दुकानदार म्हणाला कार्ड गेलंय, नवीन घ्या. घरी येऊन बघितलं तर कार्डाच्या दोन्ही ८ पिन सॉकेटना एकाच केबलची दोन तोंडं लावलेली. एसएमपीएसमधून दुसरी केबल काढून वेगळी लावली, तेव्हापासून पीसी एकदाही बंद पडला नाहीये.

कार्ड खरंच जातं तेव्हा ठिपके आणि पट्ट्या बायोसच्या (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या) स्क्रीनवरसुद्धा दिसतात, तिथे ड्रायव्हर नसतोच, म्हणजे बहुतेक मेमरी किंवा चिपखालचं सोल्डर. ओव्हनमध्ये भाजायचा जुगाड कधी चालला तरी थोडे दिवसच, पुढे परत तेच. एप्रिल-मेमध्ये खोली तापलेली, बाहेर खोदकाम, हीटसिंकमध्ये धुळीची गादी, तेव्हा आधी ब्लोअर मारा, फॅन हाताने अडवून धरून. पावसाळ्यात 'नो डिस्प्ले' आला तर कार्ड काढून सोनेरी पट्ट्यांवर हळूच खोडरबर फिरवून परत बसवावं, हे खरंच चालतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग संपल्यावर भरपूर वापरलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली, ती घेताना फॅन आणि थर्मल पॅड (चिपची उष्णता हीटसिंकला देणारे मऊ तुकडे) बघून घ्या. त्याच वर्षी आलेल्या आरटीएक्स ४०९० कार्डाचा १६ पिनचा कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी झाल्या, तो अर्धवट बसला की तापतो, क्लिक होईपर्यंत दाबायचा.

व्होल्ट मोजायला तापकीर गल्लीतला (पुण्याचा इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) साधा मल्टिमीटर पुरतो. गेम चालू ठेवून एसएमपीएसच्या मोकळ्या मोलेक्सच्या (४ पिनचा जुना कनेक्टर) पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. मदरबोर्डच्या मोठ्या प्लगमधली हिरवी-काळी वायर जोडून एसएमपीएस चालू करायची टेस्ट फक्त तो जिवंत आहे का ते सांगते, लोड घेईल का ते नाही. त्यापेक्षा मित्राचा चांगला एसएमपीएस आणून लावणं बरं, पण त्याच्याच केबलींसकट. मॉड्युलर (एसएमपीएसमधून काढता येणाऱ्या) केबली दिसायला सारख्या, एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना मात्र कंपनीगणिक वेगळी, चुकली तर हार्डडिस्क जळते. आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट बसलेले असू शकतात.