वृद्ध कलावंताची नाटके (नागपूरची परंपरा)

उतारवयाकडे झुकलेला गायक, लेखक वा नट, त्याची ओसरती सर्जनशक्ती आणि जुने स्नेहसंबंध हे विषय हाताळणारी मराठी नाटके. त्यांचा आरंभ बहुधा वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’पासून (१९७०) धरतात आणि ओघाने शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा उल्लेख येतो. ‘लिअर’चे ऋण उघड असले, तरी ते कौटुंबिक दुःखापुरते आहे. कलेच्या प्रश्नाचा माग काढायचा तर नागपूरकर पुरुषोत्तम दारव्हेकर (१९२६–९९) यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाकडे (१९६७) जाणे अधिक युक्त होय. त्यातील गायक खाँसाहेब आफताब हुसेन यांना वृद्ध म्हणावे का, याविषयी मतभेद संभवतो. तथापि विद्या कोणाला द्यावी आणि कोणापासून राखावी, हा त्यांचा पेच आयुष्याच्या उत्तरार्धातलाच आहे. ही भूमिका गाजवणारे वसंतराव देशपांडे (१९२०–८३) नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. पुढे असद अली खाँ, अमान अली खाँ, सुरेशबाबू माने यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. घराण्याची राखण करणारा खाँसाहेब अनेक घराण्यांचे संस्कार घेतलेल्या गळ्यातून उभा राहिला. या नाटकाच्या यशाची चर्चा पदांपाशीच थांबते, ती या विसंगतीपर्यंत यायला हवी. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला वसंतरावांचे नाव आहे.

दुसरा टप्पा महेश एलकुंचवार (जन्म १९३९) यांचा. ते नागपुरात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ‘पार्टी’त (१९७६) प्रतिष्ठा पावलेला नाटककार बर्वे आणि रंगमंचावर कधीच न येणारा कवी अमृत यांच्यामुळे लेखकाच्या सचोटीचा प्रश्न उभा राहतो. ‘आत्मकथा’त (सु. १९८८) वृद्ध लेखक राजाध्यक्ष प्रज्ञा या तरुण अभ्यासक मुलीच्या मदतीने आत्मचरित्र सिद्ध करतो, पत्नी उत्तरा आणि मेहुणी वासंती यांच्या आठवणी मात्र त्याच्या कथनाशी जुळत नाहीत. काही समीक्षक हे स्त्रीपुरुषसंबंधांचे नाटक मानतात. भूतकाळ पुन्हा रचण्याच्या लेखकाच्या अधिकारावरचे नाटक म्हणून ते वाचणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण संघर्षाचे मूळ लिहिण्याच्या कृतीत आहे.

जुन्या मैत्रीचा धागा या नाटकांत क्षीण आहे. एलकुंचवारांच्याच ‘सोनाटा’त (सु. २०००) तो ठळक होतो. त्यात तीन अविवाहित मैत्रिणी मुंबईतील एका घरात एक संध्याकाळ घालवतात. त्या वृद्ध नव्हेत, प्रौढ आहेत. अपर्णा सेन यांनी त्यावर इंग्रजी चित्रपट केला (२०१७).