ससाण्याची ओळख व छायाचित्रण (बडोदे परिसर)

ससाणे हे फाल्को प्रजातीतील शिकारी पक्षी. बडोद्याच्या मांडवीवर किंवा दांडिया बाजारावर घिरट्या घालणारा मोठा तपकिरी पक्षी बहुधा घार असते आणि बागेतल्या झाडीत दबा धरणारा, आखूड गोलसर पंखांचा व पिवळ्या-लालसर डोळ्यांचा पक्षी शिक्रा. ससाण्याचे पंख लांब व टोकदार, डोळे गडद, आणि वरच्या चोचीच्या कडेला दातासारखे टोक असते.

शहराबाहेर पाहण्याजोगी जागा म्हणजे डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव. गायकवाडी राजवटीत सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. हिवाळ्यात तिथे बदके आणि वारकरी (चांदवे) जमतात. त्यांच्यामागे बहिरी ससाणा येतो. पाण्यावरचा थवा एकदम उठला की नजर वर न्यावी. मात्र थवा दरवेळी बहिरीच उठवतो असे नाही. लव्हाळ्यावरून पंख वर धरून संथ, कमी उंचीवरून जाणारा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षीही तेच करतो. बहिरी उंचावरून सूर मारतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ३०० किमीच्या पुढे जातो.

खरा घोळ होतो तो लहान वयाचा बहिरी आणि लग्गड ससाणा यांच्यात. दोघेही वरून तपकिरी. बहिरीची 'मिशी' (डोळ्याखालचा गडद पट्टा) रुंद, तर लग्गडची अरुंद. लग्गडचा माथा तांबूस, कुशी व मांड्या गडद. बसलेल्या बहिरीच्या पंखांची टोके शेपटीच्या टोकाला जवळपास पोचतात, लग्गडची अलीकडेच थांबतात. प्रौढ बहिरीच्या पोटावर आडवे पट्टे असतात, पिल्लाच्या पोटावर उभ्या रेघा. इथला स्थायिक शाहीन हा बहिरीचाच उपप्रकार. त्याचे पोट तांबूस आणि डोके काळे. ससाण्यांपैकी हवेत एका जागी फडफडत थांबणारी ती खरुची, तिच्याबाबत वाद होत नाही.

रंगावर फार विसंबू नये. संध्याकाळच्या उन्हात सगळेच तांबूस दिसतात. म्हणून ओळखीसाठी एका देखण्या फोटोपेक्षा चार सामान्य फोटो उपयोगी : डोक्याची बाजू, पोट, पाठ आणि पंखांखालचा भाग. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे. उजळ आकाशासमोर एक्स्पोजर एखादा स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे, नाहीतर पंखांखालची नक्षी काळी पडते. ऊन चढले की शेतांवरची हवा थरथरते; मग लांबून काढलेला फोटो कितीही महाग लेन्स असली तरी अस्पष्टच येतो. गाडीत बसून काढणे उत्तम, कारण उतरलेल्या माणसाला पक्षी अधिक बिचकतो.

लग्गड आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत 'संकटसमीप' आहे. तो कावळ्याच्या वा घारीच्या जुन्या घरट्यातही अंडी घालतो. अशा घरट्याजवळ थांबू नये आणि फोटो टाकताना त्याचे ठिकाण देऊ नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली ससाण्यांना संरक्षण आहे, पण पिल्लांची चोरी करणारेही फोटो पाहतात.