बॅटरी उतरली की अर्थ (अर्थिंग) गेला?

जुना पेट्रोल ट्रक सुरू झाला नाही की लोक थेट नवी बॅटरी आणतात. महिन्याभरात तीच रड पुन्हा सुरू होते, आणि मग शिव्या नव्या बॅटरीला.

सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर दोष ठिणगीच्या बाजूला (पॉइंट, कंडेन्सर, कॉइल) किंवा पेट्रोलच्या बाजूला. सेल्फच फिरत नाही, तर बॅटरी, केबल, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) किंवा सेल्फ. एवढं सगळ्यांना माहीत असतं. फक्त एक लक्षात ठेवा: चावी स्टार्टवर धरल्यावर इंजिन पकडतं आणि सोडताच बंद पडतं, तर आधी बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला जाणारा करंट आवरणारा रोधक) तपासा.

खरा घोळ पुढे आहे. उतरलेली बॅटरी आणि गंजलेलं कनेक्शन, दोन्हींत सोलेनॉइड नुसता कट-कट करतो. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. २०० अँपिअर वाहत असताना वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा असला, तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. हॉर्न किंवा दिव्यांना थोडेच अँपिअर लागतात, त्यामुळे ते त्याच गंजातून ठणठणीत चालतात. म्हणूनच मल्टिमीटरवर कंटिन्युइटीची (तार सलग आहे का, याची) 'बीप' ऐकून केबल चांगली ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. केबलची एकच तार शाबूत असली तरी मीटर बीप देतो.

तपासणी सेल्फ मारतानाच करायची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन पकडू नये म्हणून कॉइलला येणारी इग्निशनची वायर काढलेली. मीटर व्होल्टवर ठेवा आणि त्याची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा, केबलच्या क्लॅम्पवर नको, नाहीतर क्लॅम्पखालचा गंज मापात येतच नाही. १२ व्होल्टची बॅटरी स्थिर असताना साधारण १२.६ दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. तरीही कोसळली तर बॅटरी गेली, किंवा सेल्फ आतून जाम होऊन जास्त करंट ओढतोय. पण सेल्फ रखडतोय आणि खुंट्यांवर ११-१२ टिकून आहेत, तर बॅटरीला हात लावू नका.

आता एक टोक निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं सेल्फच्या उघड्या धातूवर, आणि पुन्हा सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. १ किंवा २ दिसले तर अर्थ, म्हणजे सेल्फपासून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परतण्याची वाट, खराब. पॉझिटिव्ह बाजूला, खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, ०.५ पर्यंत चालतं.

जुन्या ट्रकमध्ये मी सुरुवात अर्थपासूनच करतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसीवर असेल, तर इंजिन आणि चेसी जोडणारी पट्टी नक्की बघा. ती तुटली की करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापते. पट्टीखालचा रंग आणि गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, आणि तेच माप पुन्हा घ्या.