मानाग्वातल्या मुलांनी घडवलेली भाषा

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात १९७०च्या दशकापर्यंत बहुतेक कर्णबधिर मुलं घरातच वाढत. घरच्यांपुरत्या काही खुणा प्रत्येकाने बनवलेल्या असत, पण उंबऱ्याबाहेर त्या कुणाला कळत नसत. १९७७मध्ये राजधानी मानाग्वात अशा मुलांसाठी शाळा सुरू झाली, १९८०मध्ये व्यवसायशिक्षणाची शाळाही आली आणि पुढच्या काही वर्षांत दोन्हींत मिळून चारशेच्या वर मुलं जमली. शिक्षकांचा भर ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवण्यावर होता. ते फारसं साधलं नाही. पण मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये मुलांच्या घरगुती खुणा एकमेकींत मिसळत गेल्या आणि त्यातून चक्क एक नवी भाषा उभी राहिली!

अ‍ॅन सेंगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेला याविषयीचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी एक कार्टून दाखवून त्याची गोष्ट सांगायला लावली. त्यात बॉलिंगचा चेंडू गिळलेलं मांजर उतारावरून गडगडत खाली जातं. बोलता-ऐकता येणारी माणसं ते सांगताना हात गोल फिरवत फिरवतच खाली नेत होती. शाळेच्या पहिल्या पिढीतले कर्णबधिरही बहुतेक वेळा तसंच करत. त्यांच्यामागून आलेल्या मुलांनी मात्र ती हालचाल तोडली: आधी ‘गडगडणं’, मग ‘खाली जाणं’. दोन सुट्या खुणा, एकामागून एक.

वरवर पाहता हे उलटंच झालं. प्रत्यक्षात गडगडणं आणि खाली जाणं एकाच वेळी घडतं, म्हणजे खूण वास्तवापासून लांब गेली. पण नेमकी इथेच ती नक्कल न राहता चिन्ह झाली. गडगडणं सुटं झालं की ते ‘वर’, ‘आडवं’, ‘आत’ अशा कशालाही जोडता येतं. पाच प्रकारच्या हालचाली आणि पाच दिशा, अशा दहाच खुणांत पंचवीस गोष्टी सांगता येतात.

असं तोडता-जोडता आलं नाही तर काय अडतं, ते माकडांच्या इशाऱ्यांत दिसतं. केनियातल्या अँबोसेलीतली व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगळे आवाज काढतात. नुसतं रेकॉर्डिंग ऐकवलं तरी बिबट्याच्या इशाऱ्याला ती झाडावर चढतात, गरुडाच्या इशाऱ्याला आभाळाकडे बघतात. पण काल येऊन गेलेल्या बिबट्याची गोष्ट त्या आवाजांत सांगता येत नाही.

मानाग्वातली पहिली पिढी मोठी झाल्यावरही बहुतेक वेळा जुन्याच पद्धतीने खुणा करत राहिली. तोडजोड आणली ती त्यांच्याकडून लहानपणीच भाषा उचललेल्या धाकट्यांनी.