बॅटरी काढली की रेडिओ कोड का मागतो?

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कणकवली-कुडाळकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे एक तक्रार हमखास येते: "रेडिओ कोड मागता." गाडी पावसाळाभर पडवीत उभी राहिलेली, बॅटरी बसलेली. नवी बॅटरी घातली, पहिल्या सेल्फला इंजिन उठलं, आणि डेकच्या, म्हणजे डॅशबोर्डातल्या रेडिओ-कॅसेटच्या डब्याच्या, पट्टीवर मात्र 'कोड' किंवा 'सेफ' एवढीच अक्षरं. बटणं दाबून पाहिली, फ्यूज बदलून पाहिला, तरी आवाज नाही. मग नव्या बॅटरीवर किंवा ती बसवणाऱ्यावर खापर फुटतं. दोघांचाही दोष नसतो, आणि रेडिओही बिघडलेला नसतो. चोराच्या हाती लागलो असं समजून तो मुका झालेला असतो.

ही समजूत त्याच्यात भरली गेली ती युरोप-अमेरिकेतल्या एका जुन्या डोकेदुखीमुळे.

मोटारीतला रेडिओ तसा जुनाच. अमेरिकेत गॅल्विन कंपनीने 'मोटोरोला' या नावाने तो १९३० मध्ये विकायला काढला, जर्मनीत ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये. ते संच बोजड होते, उचलून पळावं असे नव्हतेच. पुढे ट्रान्झिस्टर आले, संच आकसला. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली, आणि काही वर्षांत रेडिओ-कॅसेटचा एकच डबा डॅशबोर्डात बसू लागला. या डब्याच्या खाचेचं मापही ठरून गेलं: सुमारे १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. जर्मन मानकातून आलेलं हे माप पुढे आंतरराष्ट्रीय झालं. कुठल्याही कंपनीचा डेक कुठल्याही गाडीत बसू लागला, आणि दोन्ही बाजूंच्या भोकांत वाकवलेल्या तारा घातल्या की सहज बाहेरही येऊ लागला. ही सोय फिटरची होती, पण चोरानेही ती लगेच ओळखली.

१९८० च्या दशकात मोठ्या शहरांत डेकचोरीचा सुळसुळाट झाला. काच फोडायची, डबा ओढायचा, चालू पडायचं. न्यूयॉर्कमध्ये लोक गाडीच्या काचेला आतून 'नो रेडिओ' लिहिलेला पुठ्ठा लावत. निदान काच तरी वाचावी, एवढीच आशा. मग हँडल लावलेले, खेचून बरोबर नेता येणारे डेक आले. त्यामागून पुढची पट्टी तेवढी काढून खिशात घालायचे डेक आले. ते मुंबईतही खूप चालले. इमारतीखाली गाडी लावून डेकची पट्टी घेऊन लिफ्टकडे जाणारे काका अनेकांना आठवत असतील. पण हे सगळे उपाय मालकाच्या शिस्तीवर चालणारे. एक दिवस पट्टी गाडीत विसरली की संपलं.

कोडची कल्पना यापेक्षा वेगळी आणि, माझ्या मते, जास्त हुशारीची होती. चोरी थांबवायचीच नाही, चोरीचा माल निकामी करायचा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कंपन्यांनी डेकमध्ये आकडी कुलूप घालायला सुरुवात केली. जनरल मोटर्सच्या डेल्को डेकवर 'थेफ्टलॉक' असं नावच छापलेलं असे. लाल दिवा लुकलुकायचा, काचेवर स्टिकर चिकटायचा, म्हणजे हा माल घेऊन उपयोग नाही हे चोराला फोडण्याआधीच कळावं.

यंत्रणा साधी आहे. डेकला विजेच्या दोन मुख्य तारा येतात. एक किल्लीवरून चालू-बंद होते, दुसरी थेट बॅटरीवरून येते आणि गाडी बंद असतानाही जिवंत असते. या दुसऱ्या तारेवर घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं टिकतात. कोड मात्र एका वेगळ्या चिपमध्ये असतो, वीज गेली तरी पुसला न जाणारा. कायमची तार जिवंत आहे तोवर डेक समजतो की आपण आपल्याच गाडीत आहोत. ती तुटून पुन्हा जोडली गेली की तो विचारतो: कोड सांगा. चोराने डॅशबोर्डातून उपटला काय, किंवा फिटरने बॅटरीचं मायनस सोडवलं काय, त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. फरक ओळखायला त्याच्याकडे दुसरं काही साधनच नाही.

हे कुलूप ज्या शहरांसाठी बनलं तिथे गाड्या रोज धावत, बॅटरी क्वचित निघत असे. कोकणात ती सारखी निघते. चाकरमान्यांची गावातली गाडी गणपती ते शिमगा आणि शिमगा ते मे अशी उभी असते. गाडी उभी असली तरी घड्याळ, अलार्म, हा डेक स्वतः, सगळे थोडी थोडी वीज खातच असतात. किनाऱ्यालगत मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी खळ चढते, ती खरवडायची तर टर्मिनल सोडवावंच लागतं. "परत जाताना मायनस काढून ठेवा," हा गॅरेजवाल्याचा सल्ला बॅटरीसाठी अगदी योग्य आहे. कोडवाल्या डेकसाठी मात्र दर खेपेला नवी परीक्षा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर महिनोन्महिने गाड्या हलल्या नाहीत, आणि त्यातच ३ जूनला निसर्ग वादळ आलं. उत्तर कोकणात अनेक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, घरी चार्जर लावून बॅटरी जागवायचाही मार्ग राहिला नाही.

त्यात कोड सापडत नाही. तो नव्या गाडीबरोबर एका छोट्या कार्डावर येतो, आणि कार्ड माहितीपुस्तकाच्या पाकिटात. गाडी पुण्याच्या पहिल्या मालकाकडून डीलरकडे, तिथून चिपळूणच्या दुसऱ्याकडे येते. आरसी नावावर होते, विमा नावावर होतो. कार्ड कुणी मागत नाही, कुणी देत नाही. शोधायचंच तर ग्लव्ह बॉक्सच्या आतली बाजू, सर्व्हिस बुकचं पहिलं पान आणि ॲशट्रेच्या आसपासचे स्टिकर आधी बघावेत.

अंदाजाने आकडे दाबणं सगळ्यात वाईट. चार आकडी कोडच्या दहा हजार शक्यता होतात, आणि कंपन्यांनी इथेच पाचर मारून ठेवली आहे. फोक्सवॅगन गटाच्या बहुतेक जुन्या डेकवर दोन चुका झाल्या की साधारण तासभर थांबावं लागतं. होंडाचा कोड पाच आकडी. दहा वेळा चुकलात तर तासभर डेक चालू ठेवून मगच पुन्हा प्रयत्न करा, असं होंडाचं माहितीपुस्तकच सांगतं. हा तास डेक चालू असतानाच मोजला जातो. म्हणजे बॅटरी अशक्त म्हणून ज्याची गाडी गॅरेजला आली, त्याने त्याच बॅटरीवर तासभर डेक पेटवून बसायचं. इंजिन चालू ठेवावं, नाहीतर चार्जर लावावा. नाहीतर कोड सापडेपर्यंत गाडी पुन्हा ढकलायची पाळी.

रीतसर मार्ग म्हणजे डेकचा सीरियल नंबर घेऊन अधिकृत डीलरकडे जाणं. तो डेकच्या अंगावरच्या लेबलवर असतो, काही गाड्यांत ठरावीक दोन बटणं दाबून धरली की पडद्यावरच दिसतो. आरसी आणि ओळखपत्र दाखवलं की डीलर कंपनीकडून कोड मागवतो. देवगड-राजापूरकडच्या माणसाला त्यासाठी बऱ्याचदा रत्नागिरी नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं. म्हणून पुष्कळजण कंटाळून आठ-दहा हजारांचा अँड्रॉइड स्क्रीन बसवतात, आणि चांगला चालता डेक भंगारात जातो.

दरम्यान कुलूपही पोकळ झालं. काही कंपन्यांचे कोड सीरियल नंबरवरून गणिताने निघतात. ते गणित फुटलं आणि फुकट मिळू लागलं. रेनोच्या डेकच्या लेबलवरचं एक अक्षर आणि तीन आकडे तेवढ्यासाठी पुरतात. चोरांनाही डेकमध्ये रस उरला नाही, कारण तो आता डॅशबोर्डाच्या आकाराचा, एकाच मॉडेलला बसणारा झाला. वर गाणी मोबाइलमध्ये गेली.

नव्या गाड्यांत डेक माणसाला विचारतच नाही, गाडीलाच विचारतो. आतल्या डेटा वायरिंगवरून तो कंट्रोल युनिटशी, म्हणजे गाडीच्या छोट्या संगणकाशी, ओळख पटवतो आणि जुळलं की बोलू लागतो. होंडाच्या अलीकडच्या अनेक गाड्यांत पॉवरचं बटण दोन सेकंद दाबून धरलं की काम होतं. तोटा दिसतो तो पुरानंतर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाडीला भंगारातून त्याच मॉडेलचा स्क्रीन आणून बसवला, तरी अनेक गाड्यांत तो परक्या गाडीत सुरू होत नाही. कंपनीचा संगणक जोडून त्याची नव्याने ओळख करून द्यावी लागते. बाकी बॅटरी काढल्यावर नव्या गाडीत किरकोळच कामं राहतात: घड्याळ लावा, एका झटक्यात वर जाणारी काच पुन्हा शिकवा. आणि घरात कुणी जुनं माणूस असेल तर आकाशवाणी रत्नागिरीचं ११४३ किलोहर्ट्झ पुन्हा शोधून द्या, डेकला मीडियम वेव्ह असेल तर.