मॅग्नेट निघत का नाही?

जुन्या चेतकचं इंजिन क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगसाठी खोलायला घेतलं, की त्याच्या टोकावरचं पंख्याचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, गॅरेजच्या भाषेत मॅग्नेट, हटून बसतं. नट तर कधीच निघालेला असतो. मग शेजारचा एखादा जाणकार सांगतो, "आत चावी आहे ना, तिनं धरलंय." चावी आहे हे खरं. नखाएवढी, अर्धचंद्रासारखी. पण तिनं काहीच धरलेलं नसतं.

धरलेलं असतं घर्षणानं. क्रँकचं टोक निमुळतं असतं आणि फ्लायव्हीलचं भोकही त्याच उताराचं. नट आवळला की लाकडात पाचर शिरावी तसं फ्लायव्हील त्या शंकूवर चढतं. समजा उतार १:१० आहे, म्हणजे १० मिमी लांबीत व्यास १ मिमीने वाढतो. अशा शंकूची बाजू अक्षाशी सुमारे २.९ अंशांचा कोन करते. पोलादावर पोलाद, घर्षणांक ०.१५ धरला, तर घसरण सुरू होते ८.५ अंशांना. २.९ त्याच्या खूप आत, म्हणून नट काढला तरी फ्लायव्हील जागचं हलत नाही. मिलिंग मशीनच्या ७:२४ टेपरचा, म्हणजे निमुळत्या शंकूचा, हाच कोन ८.३ अंश, अगदी सीमेवर. तो मागून ओढून धरावा लागतो आणि सोडला की सुटतो.

आता खरी गंमत. नटाने १ टनाने ढकललं, तर शंकू आणि भोक एकमेकांवर किती दाबले जातात? १ ला (साइन २.९ अधिक ०.१५ गुणिले कोसाइन २.९) ने भागा. कंसात येतात ०.२, म्हणजे दाब ५ टन! काढताना कंसातल्या अधिकाचं उणे होतं: ०.१५ वजा ०.०५, गुणिले ५. आला अर्धा टन. हे कोऱ्या, स्वच्छ टेपरचं. गंज चढला की घर्षणांक वाढतो आणि हा आकडाही.

म्हणून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये. फ्लायव्हील तिरपं होऊन आणखी अडकतं, इंजिनाचं अॅल्युमिनियमचं कवच मात्र तडकतं. क्रँकच्या टोकावर हातोडा तर नकोच. आटे चेपतात, आणि हा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो, तो जरा हलला तरी नवं बेअरिंग आवाज करणार. मॅग्नेट पुलर, म्हणजे फ्लायव्हील ओढून काढायचं अवजार, फ्लायव्हीलच्या मधल्या आट्यांत शेवटपर्यंत बसवावा, नुसता दोन आट्यांवर टेकवू नये. मग मधला बोल्ट हळूहळू आवळायचा. ताणलेलं पोलाद एकदम मोकळं होतं आणि 'टक्' असा आवाज येतो. गंज सोडवायचा, 'रेणूंच्या पातळीवर शिरणारा' म्हणवणारा स्प्रे कडेच्या गंजात मुरेल. पण घट्ट बसलेल्या टेपरमध्ये शिरायला त्याला फारशी जागाच नसते.

चावीचं काम वेगळं. ठिणगी केव्हा पडायची हे फ्लायव्हीलच्या जागेवर ठरतं, आणि बसवताना ती जागा चावी दाखवते. नट ढिला राहिला की पकड जाते, सगळा भार चावीवर येतो आणि ती कापली जाते. मग ठिणगी दिसते, पण गाडी सुरू होत नाही, किंवा किक उलटी मारते. हँडलला लिंबू-मिरची बांधून हे टायमिंग जागेवर येत नाही.

पुन्हा बसवताना 'पुढच्या वेळी लवकर निघेल' म्हणून टेपरला ग्रीस चोपडणारे भेटतात. पकड ज्या घर्षणावर आहे तेच घालवायचं? शंकू आणि भोक पेट्रोलने पुसून, कोरडंच बसवावं आणि नट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळावा.