फ्रीझर उणे ८० ला की उणे ७० ला? संशोधन प्रयोगशाळांच्या पर्यावरणीय भाराची पार्श्वभूमी

विद्यापीठातल्या इमारतींची वीजबिलं शेजारी-शेजारी मांडली तर रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र विभागांच्या इमारती लगेच डोळ्यांत भरतात. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या कार्यालयापेक्षा संशोधन प्रयोगशाळेला साधारण तीन ते पाच पट ऊर्जा लागते. फ्युम हूड (घातक वाफा ओढून बाहेर टाकणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट) आणि फ्रीझर जास्त असतील तिथे त्याहूनही अधिक. ही सगळी ऊर्जा प्रयोगांवर खर्च होते असा समज असतो. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग बाहेरची हवा आत घेणं, ती थंड किंवा गरम करणं आणि पुन्हा बाहेर फेकणं यात जातो. प्रयोग चालू असो वा नसो, रात्रंदिवस जातच राहतो.

या भाराचा उगम शोधत गेलं की जवळपास प्रत्येक ठिकाणी एखादा जुना, त्या वेळी रास्तच असलेला निर्णय सापडतो: कुणाच्या आरोग्याला धोका नको म्हणून, किंवा नमुना खराब होऊ नये म्हणून घेतलेला. अडचण पुढची आहे. आकडे एकदा ठरले, ते उपकरणांत, इमारतींच्या आराखड्यांत आणि प्रोटोकॉलमध्ये (प्रयोगाच्या ठरलेल्या कृतींमध्ये) जाऊन बसले, आणि पुन्हा तपासून पाहण्याचं काम कुणाचंच राहिलं नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची प्रयोगशाळा काचेची होती. पिपेट, पेट्री डिश, परीक्षानळ्या धुऊन, वाफेने निर्जंतुक करून पुन्हा वापरल्या जात. त्यासाठी वेगळी खोली आणि माणसं असत. म्हणून ती पर्यावरणस्नेही होती असं म्हणायला मात्र जागा नाही. द्रावकं बेसिनमधून थेट गटारात जात, थर्मामीटर फुटला की पारा फरशीच्या फटींत राही, आणि कंडेन्सर (वाफेचा पुन्हा द्रव करणारी नळी) थंड ठेवायला किंवा निर्वात तयार करायला नळ तासन्‌तास सोडून ठेवलेला असे. ही नळाची सवय आजही पुरती गेलेली नाही. त्या काळाबद्दल एवढं पुरे. आजच्या प्रश्नाची मुळं मुख्यतः १९७० नंतरची आहेत.

१९७३ च्या तेलसंकटानंतर कार्यालयांच्या इमारतींनी आतली हवा पुन्हा फिरवून ऊर्जा वाचवायला सुरुवात केली. प्रयोगशाळांना ती मुभा नव्हती, कारण तिथली हवा परत आत घेणं धोक्याचं. उलट त्याच सुमारास, १९७४ मध्ये, अमेरिकेतल्या कर्करोगकारक रसायनांविषयीच्या नियमांनी हूडच्या तोंडाशी हवेचा सरासरी वेग मिनिटाला १५० फूट हवा असं सांगितलं. जास्त वेग म्हणजे जास्त सुरक्षितता, हे चटकन पटणारं गणित होतं. पुढे धूर आणि माग काढणारे वायू वापरून चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं, की वेग फार वाढवला तर हूडसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाभोवती भोवरे तयार होतात आणि वाफा त्याच्याच तोंडाकडे येऊ शकतात. आता ६० ते १०० फुटांचा वेग साधारणपणे पुरेसा मानतात. (१९८५ च्या चाचणीपद्धतीत जो वायू सोडायचा तो सल्फर हेक्झाफ्लोराइड. वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक आहे. तेव्हा हे कुणाच्या मनातही आलं नसेल.)

खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलायची, याचीही तीच गत. १९९० च्या अमेरिकी नियमांसोबतच्या परिशिष्टात ४ ते १२ अशी शिफारस होती. रुंद पट्टा समोर असला की आराखडा करणारा वरच्या टोकाकडे झुकणार, हे ओघानंच आलं. पंख्याची वीज हवेच्या प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे १२ चे ६ केले तर पंख्याला लागणारी वीज तत्त्वतः एक अष्टमांशावर येते. हूडची काच खाली ओढा, ही मोहीम याच हिशोबातून निघाली आणि ती चांगलीच आहे. पण काच उतरल्यावर प्रवाह आपोआप कमी होईल अशी यंत्रणा जिथे आहे, तिथेच वीज वाचते. स्थिर प्रवाहाच्या जुन्या हूडवर स्टिकर लावल्याने काम करणाऱ्याची सुरक्षितता वाढते, मीटर मात्र तेवढाच फिरतो.

प्लॅस्टिकचा इतिहास याला समांतर आहे. तोंडाने ओढायच्या पिपेटची जागा घेणाऱ्या मायक्रोपिपेटचं पेटंट १९५७ मध्ये जर्मनीत दाखल झालं आणि तिच्याबरोबर एकदा वापरून टाकायची टिप (पुढे बसवायचं प्लॅस्टिकचं टोक) आली. तोंडाने पिपेट ओढताना जंतू आणि विषारी रसायनं पोटात जाण्याचे प्रकार घडत असत, हे लक्षात घेतलं तर त्या टिपेचं मोल कळतं. १९८० च्या दशकात एचआयव्हीची धास्ती आणि पीसीआरचं (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचं) तंत्र एकाच वेळी आलं. पीसीआरमध्ये आधीच्या नमुन्यातला डीएनएचा एखादा रेणूही पुढच्या निष्कर्षाची वाट लावतो, त्यामुळे फिल्टर बसवलेल्या टिपा, वेगळ्या खोल्या, डबाबंद निर्जंतुक नळ्या हे सगळं नित्याचं झालं. धुण्याच्या खोल्या बंद झाल्या. तिथली माणसं गेली ती गेलीच. जगभरातल्या जैववैज्ञानिक प्रयोगशाळांत वर्षाला ५५ लाख टन प्लॅस्टिक कचरा होतो, हा सतत उद्धृत होणारा आकडा २०१५ चा आहे. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाच्या एका विभागातला कचरा मोजून, त्याला जगातल्या संस्थांच्या संख्येने गुणून तो काढलेला आहे. मोजणाऱ्यांनी ते उघडपणे सांगितलं होतं. उद्धृत करणाऱ्यांनी तेवढं गाळलं.

रसायनशास्त्रात आत्मपरीक्षण लवकर सुरू झालं. एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा, हे गुणोत्तर १९९२ मध्ये मांडलं गेलं तेव्हा औषधनिर्मिती सगळ्यांत मागे असल्याचं उघड झालं: किलोमागे २५ ते १०० किलो, कधी त्याहून जास्त. १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वं आली. पण हा विचार अभिक्रियेपुरता राहिला. जिथे अभिक्रिया घडते त्या खोलीचा हिशोब १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका सरकारी कार्यक्रमाने प्रथम पद्धतशीरपणे मांडला, आणि तोही मुख्यतः नव्या इमारतींसाठी.

आता फ्रीझरकडे येऊ. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या क्षेत्रात सर्वांत कडाक्याचा वाद याच एका आकड्यावरून झाला आहे.

जैविक नमुने दीर्घकाळ ठेवायचे तर उणे ८० अंश सेल्सिअस, असं आज संशोधक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्याच्या गाइडच्या गाइडला मात्र उणे ७० शिकवलेलं होतं. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या प्रोटोकॉलमध्ये जिवाणूंचा साठा ठेवायचा तो उणे ७० ला, किरणोत्सारी जेलवर एक्स-रे फिल्म लावून कॅसेट ठेवायची तीही उणे ७० ला. इन्फ्लुएन्झाच्या नमुन्यांसाठीच्या सार्वजनिक आरोग्य सूचनांतही 'उणे ७० किंवा त्याखाली' असेच शब्द आहेत. मग दहा अंश कुठून वाढले? नमुने उणे ७० ला नासतात असं सिद्ध झालं आणि म्हणून आकडा बदलला, अशी घटना इतिहासात सापडत नाही. शुष्क बर्फ उणे ७८.५ अंशांना वायुरूप होतो. त्याच्या जवळचा गोल आकडा सोयीचा होता, हे एक कारण असावं. दुसरं आणि मला जास्त वजनदार वाटणारं कारण बाजाराचं. कॉम्प्रेसर सुधारले तसे उत्पादक अधिक थंड फ्रीझर विकू लागले, आधी उणे ८०, मग उणे ८६, आणि यंत्राला जे जमतं तेच नमुन्याला लागतं असा अर्थ हळूहळू रुजला.

या दहा अंशांची किंमत मोठी आहे. असा फ्रीझर एकामागोमाग जोडलेल्या दोन शीतन-चक्रांवर चालतो. जुनं यंत्र दिवसाला २० युनिट किंवा जास्त वीज खातं, चांगलं नवं यंत्र त्याच्या निम्म्याच्या आसपास. तापमान उणे ८० वरून उणे ७० वर आणलं तर विजेत सुमारे ३० टक्के बचत होते, यंत्राप्रमाणे थोडी कमी-जास्त. शिवाय फ्रीझरने बाहेर टाकलेली उष्णता खोलीतल्या एसीला उपसावी लागते, तो खर्च वेगळा. कॉम्प्रेसरवरचा ताण कमी झाल्याने त्याचं आयुष्यही वाढतं.

विरोधकांचे मुद्दे दोन. पहिला: वीज गेली किंवा यंत्र बंद पडलं तर उणे ८० वरून गरम व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणजे धावपळीला तेवढी सवड मिळते. हे खरं आहे, पण फ्रीझर किती भरलेला आहे आणि अलार्म कुणाच्या फोनवर वाजतो यावरही ती सवड तितकीच अवलंबून असते. दुसरा मुद्दा तुलनेचा: वीस वर्षं उणे ८० ला ठेवलेल्या नमुन्यांच्या मालिकेत मध्येच तापमान का बदलायचं? रुग्णांच्या नमुन्यांचे मोठे साठे सांभाळणाऱ्यांची ही हरकत मान्य करायला हवी. काही नाजूक नमुने तर उणे ८० लाही सुरक्षित नसतात, ते द्रवरूप नायट्रोजनमध्येच ठेवतात. मात्र डीएनए, बहुतेक प्रथिनं आणि जिवाणूंचे साठे यांच्या बाबतीत उणे ७० ला वर्षानुवर्षं सुखरूप राहिल्याचे अनुभव भरपूर आहेत. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी अशा नमुन्यांची यादीच जमवली आहे. आणि उणे ८० असं पडद्यावर दिसत असलं तरी दाराजवळच्या आणि वरच्या कप्प्यांत तापमान काही अंशांनी चढ असतं. दिवसातून दहादा दार उघडणाऱ्या प्रयोगशाळेतले कितीतरी नमुने नकळत उणे ७० च्या आसपास राहतच आले आहेत. २०२० च्या अखेरीस आलेल्या एका एमआरएनए लशीसाठीही उणे ८० ते उणे ६० हा पट्टा दिला होता.

या वादात एक गोष्ट मागे पडते: आत ठेवलंय काय? असा फ्रीझर उघडून पाहावा. दाराच्या कडेला बर्फाची पुटं, रॅक बाहेर ओढताना दोन्ही हात लागतात, पुठ्ठ्याच्या पेटीवर मार्करने लिहिलेली आद्याक्षरं अर्धी पुसलेली, आणि ती ज्याची आहेत तो पीएचडी करून केव्हाच निघून गेलेला. यादी नसल्याने टाकायची हिंमत कुणाची होत नाही, आणि नव्या विद्यार्थ्याला जागा नाही म्हणून नवा फ्रीझर येतो. तापमान बदलायच्या आधी फ्रीझर आवरणं ही जास्त मोठी बचत ठरू शकते. ज्या प्रयोगशाळांनी ते केलं त्यांना नमुनेही लवकर सापडू लागले.

आतला शीतक वायू हा वेगळा अध्याय. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर विरळ करणारे वायू गेले, पण त्यांच्या जागी आलेले काही वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी तापवणारे निघाले. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांच्यावर मर्यादा आणल्या. आताचे बहुतेक नवे फ्रीझर इथेन आणि प्रोपेनवर चालतात आणि वीजही कमी खातात.

हे सगळं माहीत असूनही इतका उशीर का झाला, याचं कारण तंत्रात कमी आणि हिशोबात जास्त आहे. संशोधन अनुदानातून उपकरणं आणि टिपा विकत घेता येतात, वीजबिल मात्र विद्यापीठ ओव्हरहेडमधून (संस्थेच्या सामायिक खर्चातून) भरतं. महाग पण कमी वीज खाणारा फ्रीझर घेतला तर पैसे गाइडच्या अनुदानातून जातात आणि बचत विद्यापीठाच्या खात्यात पडते. टंचाई आली की प्रयोगशाळा किती वेगाने बदलतात, हे २००८-०९ मध्ये दिसलं. ॲसिटोनायट्राइल हे द्रावक दुसऱ्या एका रसायनाच्या उत्पादनातून निघणारं उपउत्पादन. मंदीत ते उत्पादन घटलं आणि क्रोमॅटोग्राफीसाठी (मिश्रणातले घटक वेगळे करण्यासाठी) ते मिळेना. तेव्हा कमी द्रावक लागणारे अरुंद कॉलम (घटक वेगळे करणाऱ्या नळ्या) आणि पर्यायी द्रावकं थोड्याच काळात रुळली. हेलियमच्या वारंवारच्या तुटवड्याने एनएमआर यंत्रांतून (रेणूंची रचना तपासणाऱ्या, हेलियमने थंड ठेवलेल्या चुंबकीय यंत्रांतून) उडून जाणारा वायू पुन्हा पकडण्याच्या यंत्रणांना अशीच चालना दिली.

प्रयोगशाळांना पर्यावरणविषयक मानांकन देण्याची कल्पना २०१० च्या दशकातली. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाने २०१८ मध्ये कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तीन पायऱ्यांची चौकट तपासून पाहायला घेतली आणि ती इतर देशांत पसरली. दरम्यान फ्रान्समधल्या शंभराहून अधिक प्रयोगशाळांच्या कार्बन हिशोबात खरेदीचा वाटा साधारण निम्मा निघाला, म्हणजे नजर फक्त विजेच्या मीटरवर ठेवून भागणार नव्हतं. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी आणि निधीदारांनी संशोधनाच्या पर्यावरणीय भाराविषयी सामायिक जाहीरनामा केला, आणि २०२५-२६ पासून तिथल्या काही मोठ्या निधीदारांनी प्रयोगशाळेत चालणाऱ्या कामाच्या अनुदानासाठी मानांकनाची अट घातली. फ्रीझर आवरणं, नमुन्यांची यादी ठेवणं, उपकरणं रात्री बंद करणं हे या चौकटीत बसतं आणि ते प्रयोगशाळेच्या हातात आहे. तासाला हवा किती वेळा बदलायची हा आकडा मात्र अजून इमारत आणि सुरक्षा विभागांकडेच आहे, आणि तिथे बदल करायचा तर आधी खोलीनिहाय धोक्याची तपासणी करावी लागते, जिचा खर्च अनुदानात धरलेला नसतो.